स्टॅनीची जोडणी

आमच्या भुईगावच्या आळीत कुणाचा पासवर्ड हरवला की लोक आधी स्टॅनीकडे जातात आणि मग हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीकडे. अंतोनीला निदान मेणबत्ती लावावी लागते. स्टॅनीला चहासुद्धा नको असतो. कुणाचं आधार कार्ड, कुणाचं लाइट बिल, कुणाच्या दुबईतल्या मुलाचा व्हिडिओ कॉल, सगळं त्याच्या ओट्यावर. रविवारी मिस्सा सुटली की देवळाच्या पायरीवर फादरांपेक्षा त्याच्याभोवती गर्दी जास्त, हे मी फादरांच्या तोंडावर बोललेलो आहे.

मी सिप्रियन, त्याच्या समोरच्या घरातला. कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालो, त्यामुळे दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची सवय आहे आणि त्याबद्दल लाजही वाटत नाही.

स्टॅनी पन्नाशी ओलांडलेला. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायला गेलं की म्हणतो, "राहून गेलं, काका." जसं काही रेशनवरची साखर आणायची राहून गेली. बापाची मोगऱ्याची आणि कागड्याची वाडी होती, पण हा कळ्या खुडायला बसला की एक एक कळी निरखत बसायचा. बाप म्हणायचा, हा मुलगा वाडीचा नाही. मग वसईला टायपिंग शिकला, पुढे कॉम्प्युटर शिकला आणि अंधेरीतल्या एका कंपनीत चिकटला. परदेशातल्या मोठमोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरांवर इथे बसून पहारा ठेवायचा, असा त्या कंपनीचा धंदा. लॉकडाउननंतर बहुतेकांना घरूनच काम मिळालं, तेव्हा स्टॅनीने आळीतल्या दोघींना तिथे लावून दिलं. एक त्याची धाकटी बहीण ॲंजेला. दुसरी शेजारची रुचिता.

ॲंजेला आळीतच दिलेली, स्टीवनला. स्टीवन आमच्या गावच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. लग्नाची वरात त्याच्या ट्रम्पेटशिवाय देवळातून निघाली नाही असा काळ होता. मग त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा वसईला डायलिसिस, ट्रम्पेट कपाटावर. ॲंजेलाच्या कंपनीचा मेडिकल विमा होता, त्यात नवऱ्याचं डायलिसिस बसायचं. म्हणजे सरळ सांगायचं तर ॲंजेलाची नोकरी होती म्हणून स्टीवन होता. आळीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी बोलून दाखवत नव्हतं. बोलायचा तो स्टीवनच. बायको लॅपटॉपवर बसली की म्हणायचा, "हळू बोला रे, माझी किडनी कामावर बसलीये." (आमच्या घरच्या बोलीत तो हे अजून वात्रटपणे म्हणायचा, पण ती बोली इथे लिहिली तर पलीकडच्या गावातल्यालासुद्धा कळायची नाही. म्हणून साध्या मराठीत सांगतो.)

रुचिताची गोष्ट वेगळी. ती नायगावच्या टॉवरमध्ये वाढलेली, बाराव्या मजल्यावर, बंद दारामागे. आमच्या आळीतल्या वाडीवाल्यांच्या घरात सून म्हणून आली तेव्हा सगळ्या गोष्टी विचारायची. "मावशी, दोरीवरचे कपडे काढू का? पाऊस येतोय." आमच्या बायका पदराआड हसायच्या. कारण आमच्याकडे विचारत नाहीत. आळीच्या मागे बावखल आहे, त्या तळ्याचं पाणी चार वाड्यांना पाळीपाळीने जातं. ज्याची पाळी तो लग्नाला गेलेला असेल, हॉस्पिटलात असेल, तर शेजारचा उठतो, त्याचा पंप लावतो, त्याच्या केळींना पाणी पाजतो आणि घरी येतो. फोन करून विचारत नाही. विचारणं म्हणजे परकेपणा. प्रत्येकाच्या घराची एक किल्ली शेजारच्या खिळ्यावर असते आणि ती लावून आत जायला कारण लागत नाही. दूध उतू जातंय हे पुरेसं आहे. रुचिताला हे शिकायला वर्षभर तरी लागलं असेल. पण शिकली तेव्हा आमच्यातल्या जन्मापासूनच्यांना मागे टाकलंन. न विचारता आमच्या फ्रिजमध्ये कालवणाचं पातेलं ठेवून जायची. ॲंजेलाच्या घराची किल्ली तिच्याच खिळ्यावर असायची.

आता या दोघींचं काम काय, ते स्टॅनीने मला सांगितलं तसं सांगतो. स्क्रीनवर इशारे येतात. अमक्या कॉम्प्युटरवर काहीतरी विचित्र झालं, बघा. ज्याची ड्यूटी त्याने ते बघायचं, पाहिलं म्हणून नोंदवायचं, गंभीर असेल तर वर कळवायचं. जागेवर कुणी नसेल तर इशारे साचतात आणि परदेशातून ओरडा येतो. ॲंजेलाची ड्यूटी सकाळची, रुचिताची संध्याकाळची. डायलिसिसही सकाळचंच. मग काय झालं असेल हे सांगायला कोर्टात नोकरी केलेली असावी लागत नाही. ॲंजेला नवऱ्याला घेऊन रिक्षाने वसईला जायची आणि रुचिता तिची पाळी घ्यायची. रुचिताचं बाळ लहान, ते सोडून ॲंजेलाच्या घरी बसता येईना. म्हणून ती आपल्याच लॅपटॉपवर ॲंजेलाच्या नावाने आत शिरायची. पासवर्ड ठाऊकच होता. ॲंजेलाच्या मोबाइलवर विचारणा यायची, "तुम्हीच का?" ॲंजेला हॉस्पिटलच्या बाकावरून दाबायची, "हो."

आमच्यापैकी कुणालाही यात चोरी दिसली नाही. बदल्यात ॲंजेला रुचिताच्या बाळाला तेल लावायची, तिची संध्याकाळ सांभाळायची. कामाला उशीर नाही, चूक नाही. स्टॅनीलाही माहीत होतं. कळ्या निरखणाऱ्या माणसाच्या ते डोळ्यासमोर होतं, पण त्याने ते आळीतल्या डोळ्यांनी पाहिलं, कंपनीतल्या नाही.

तर अशा वेळी कंपनीने स्टॅनीला एक मोठं काम दिलं. त्या दिवशी तो नवा शर्ट घालून माझ्या ओट्यावर आला.

"काका, आमच्याकडे दोन व्यवस्था आहेत," तो म्हणाला. "एक किल्ल्या वाटते. कोण कामाला आहे, कुणाला कोणता लॅपटॉप दिला, कुणाला कुठे जायची परवानगी, कोण सोडून गेला, सगळं तिच्याकडे. तिला आयडेंटिटीचा प्लॅटफॉर्म म्हणतात. दुसरी क्लाउडवर पहाऱ्याला बसलीये. कोण कधी आत आला, कुठल्या मशीनवरून आला, ती बघते. पण दोघी एकमेकींशी बोलत नाहीत."

"वाटणी झालेल्या भावांसारख्या," मी म्हणालो.

"तसंच समजा. पहारेकरणीला दिसतं की माणूस आला, पण लॅपटॉप कुणाचा ते तिला ठाऊक नाही. किल्लीवालीला लॅपटॉप कुणाचा ते ठाऊक, पण तो कधी उघडला ते दिसत नाही. मी त्यांना जोडणार. जोडलं की पहारेकरणीला काही वावगं दिसलं रे दिसलं, किल्लीवाली लगेच किल्ली काढून घेणार. मध्ये माणूस नको."

"मध्ये माणूस नको, हे चांगलं की वाईट?"

"चोरासाठी वाईट," तो हसून म्हणाला. एवढ्या वर्षांत त्याला कुणी असं डोक्याचं काम दिलं नव्हतं. इतरांनी आखायचं आणि याने नावं घालायची, काढायची. आता आखणी त्याची होती. साहेबीण होती क्षितिजा नावाची, त्याच्याहून कितीतरी लहान, पण त्याला "सर" म्हणायची. तिने सांगितलं होतं की सर, हे तुम्हीच करा. स्टॅनी महिनाभर जेवताना पण त्याच्याबद्दलच बोलत होता. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. पण माणूस खुशीत होता आणि ते बघायला बरं वाटत होतं.

मग एके दिवशी दुपारी त्याने मला हाक मारली. आवाज वेगळा होता. मी गेलो तर लॅपटॉप उघडा आणि हा समोर हात मांडीवर ठेवून बसलेला. जोडणी नुसती चाचणीसाठी चालू केली होती. या चाचणीत ती किल्ली काढत नाही, काय पकडलं असतं तेवढं दाखवते. पहिल्याच ओळीत लाल रंगात ॲंजेलाचं नाव होतं. तिच्यापुढे लॅपटॉप: रुचिताचा. खाली पुन्हा तेच. पुन्हा तेच. जेवढ्या वेळा स्टीवनचं डायलिसिस, तेवढ्या ओळी.

"जोडल्याशिवाय हे कुणाला दिसलंच नसतं," स्टॅनी म्हणाला. "एकीला अर्धं दिसत होतं, दुसरीला अर्धं. मी दोन्ही अर्धी जवळ आणली."

आपलेच दात आपलेच ओठ. मी पाणी मागितलं, म्हणजे त्याला उठावं तरी लागेल.

स्टॅनीने जे करता येईल ते केलं, हे मी त्याच्या बाजूने शपथेवर सांगेन. त्याने क्षितिजाकडे मागणी केली की किल्ली काढण्याआधी एक फोन करायची सोय ठेवू. एका माणसाने फोन करायचा, बाबा रे तूच का, काय झालं, आणि मग ठरवायचं. क्षितिजा म्हणाली, "सर, फोन होईपर्यंत चोर सगळं घेऊन जाईल. क्लायंटला हे ऑटोमॅटिकच हवंय." तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. तिने चोर पाहिले असतील, आमची आळी पाहिली नव्हती. मग त्याने ॲंजेलाची ड्यूटी दुपारची करून मागितली. अर्ज वर गेला आणि वरच राहिला. एक गोष्ट मात्र त्याच्या हातात होती. मागच्या नोंदी उकरायच्या नाहीत, जोडणी सुरू होईल त्या दिवसापासून पुढचंच बघायचं, एवढं त्याने मान्य करून घेतलं.

त्या संध्याकाळी त्याने दोघींना ओट्यावर बसवलं आणि समजावलं. ॲंजेला ऐकताना बोटांनी जपमाळेचे मणी फिरवावेत तशी ओढणीचं टोक फिरवत होती. रुचिता हसली.

"म्हणजे स्टॅनीदादा, आता परत विचारून यायचं?"

"यायचंच नाही," तो म्हणाला. "विचारूनही नाही. एकमेकींच्या नावाने पाऊल टाकायचं नाही. मी शिकवलेलं नाही हे तुम्हाला, पण मोडायला मलाच सांगावं लागतंय."

दोघींनी मान्य केलं. स्टीवनला हॉस्पिटलात न्यायचं काम मी घेतलं. मला तरी दुसरं काय होतं? आम्ही दोघे रिक्षाने पारनाक्यावरून जायचो, तो सगळ्या रस्त्यावर माझी टिंगल करायचा. "सिप्रियन काका, कोर्टात तारखा दिल्यात ना लोकांना, आता भोगा माझ्या तारखा." सुईकडे मला बघवायचं नाही, तर तोच मला म्हणायचा, तिकडे बघा, नर्स छान आहे. जोडणी सुरू झाली. काही झालं नाही. आठवडे गेले. मला वाटलं, निभावलं.

मग तो दिवस आला. मशीनवर असतानाच स्टीवनचं बीपी एकदम खाली गेलं. डोळे फिरले. नर्सा धावल्या, मला बाहेर काढलं. मी ॲंजेलाला फोन केला, "ये लवकर." आणखी काय सांगणार होतो?

ॲंजेला उठली आणि तशीच पळाली. रुचिताने खिडकीतून पाहिलं, पायात दोन वेगळ्या चपला. कुठे चाललीस विचारायची गरजच नव्हती. आपल्या लॅपटॉपवर तिने पाहिलं तर ॲंजेलाच्या नावापुढे इशारे साचत होते, जागेवर कुणी नाही. तिचा माझ्यापुढे नंतर रडताना एकच धोशा होता, "काका, मी विचारच केला नाही. दूध उतू जात होतं." हात आपोआप चालले. ॲंजेलाचं नाव, ॲंजेलाचा पासवर्ड. तिकडे रिक्षात ॲंजेलाच्या हातातला मोबाइल वाजला. तिला वाटलं हॉस्पिटलचा. बघितलं तर, "तुम्हीच का?" इतक्या वेळा दाबलेलं ते बोट. तिने दाबलं, "हो."

पापणी लवायच्या आत दोघींच्या किल्ल्या गेल्या. दोघींच्या स्क्रीन काळ्या. कंपनीच्या एच.आर.ला पत्र आपोआप गेलं. कुणी फोन केला नाही. स्टॅनी आपल्या खोलीत बसून ते घडताना बघत होता. मला म्हणाला, "काका, एकही चूक झाली नाही. मी आखलं तसंच झालं."

स्टीवन त्या दिवशी वाचला. डोळे उघडल्यावर त्याने बायकोच्या चपलांकडे पाहिलं आणि म्हणाला, "नवीन फॅशन?"

दुसऱ्या दिवशी क्षितिजाचा कॉल आला, कॅमेऱ्यावर सगळी टीम. स्टॅनी सरांच्या जोडणीने पहिल्याच महिन्यात एक खरा प्रकार पकडला, क्लायंट खूश आहे, टाळ्या. त्या टाळ्या मला माझ्या ओट्यावर ऐकू आल्या. स्टॅनीने टाळ्या संपू दिल्या आणि क्षितिजाला एकटीला थांबायला सांगितलं. म्हणाला, ॲंजेला माझी बहीण आहे. मला हे आधीपासून माहीत होतं. दोघींनी काही चोरलेलं नाही, नवरा मरायला टेकला होता म्हणून झालं. शिक्षा द्यायची तर मला द्या. क्षितिजा म्हणाली, "सर, मी हे ऐकलं नाही. तुम्ही बोललात तर तुमचीही नोकरी जाईल आणि त्यांची परत येणार नाही. प्लीज." आणि तिचे डोळे भरले होते असं स्टॅनी सांगतो. भरले असतील. कोर्टातही मी न्यायाधीशांचे डोळे भरलेले पाहिलेत, निकाल तोच लागायचा.

दोघींना काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, पण नियमाप्रमाणे फाशी.

आणि त्या रात्री नव्हे, त्या दिवशी भर दुपारी, सगळ्या आळीसमोर ॲंजेला रुचितावर ओरडली. आपली ॲंजेला, जी कुत्र्यालाही हड म्हणत नाही. "तुला कोणी बोलावलं होतं गं? माझ्या कामात हात घालायला तुला मी विचारलं होतं? तू मला विचारलंस?"

असा प्रश्न आमच्या आळीत याआधी कुणी कुणाला केला नव्हता. रुचिता ओट्यावर उभी होती, बाळ कडेवर. तिचीही नोकरी गेलेली होती, पण ते ती बोलली नाही. म्हणाली, "चुकलं, ताई. आता विचारल्याशिवाय कशाला हात लावणार नाही." ॲंजेलाने नंतर जाऊन माफी मागितली, दोघी रडल्या, चहा झाला. पण शब्द तोंडातून गेलेला होता. दुसऱ्या दिवसापासून रुचिता आमच्याकडे कालवण आणायची तर फाटकाशी थांबायची. "काका, आत येऊ?" मी चिडायचो. ती कसनुसं हसायची आणि पुन्हा उद्या विचारायची.

विम्याचंही सांगतो, कारण तो सगळ्याच्या मुळाशी आहे. माणूस नोकरीतून गेला की किल्लीवाली व्यवस्था त्याचं एक एक काढत जाते. लॅपटॉप, ईमेल आणि शेवटी विम्यातली नावं. शेवटचं काढण्याआधी ती एका जबाबदार माणसाला विचारते, काढू का? ॲंजेलाच्या बाबतीत तो माणूस स्टॅनीच होता, कारण त्यानेच तिला लावलं होतं. स्क्रीनवर आलं: कुटुंबीय, स्टीवन, पती. काढायचं? हो, नाही. "नाही" दाबलं तर कारण द्यावं लागतं, आणि कारण काय देणार? ती नोकरीत नाही हे खरंच होतं. स्टॅनीने काहीच दाबलं नाही. त्याला वाटलं, आपण दाबलं नाही तर ते तसंच पडून राहील, सरकारी फाइल राहते तसं. मीही म्हटलं, राहू दे पडून, पडून राहिलेल्या कागदावर माणसं आयुष्य काढतात.

आठवड्याने ते आपोआप निघून गेलं. कुणी उत्तर दिलं नाही तर होकार समजावा, असा नियम होता. साहेब लोक कधी उत्तरंच देत नाहीत, जुन्या माणसांची नावं वर्षानुवर्षं पडून राहतात, म्हणून जोडणी करताना तो नियम स्टॅनीनेच घातला होता. मला हे सांगताना तो हसला. तसं हसू मी कुणाच्या तोंडावर पाहू नये.

पुढे उतरणच. पॅरिशने मदत केली, बँडवाल्यांनी केली, स्टॅनीने पगार ओतला, पण डायलिसिस संपणारी गोष्ट नाही. फुकट जिथे होतं तिथे नंबर लागत नव्हता. स्टीवनने एके दिवशी स्वतःच ठरवलं, आठवड्यातून दोनदा पुरे. "तिसऱ्या दिवशी मला कंटाळा येतो," म्हणाला. पाय सुजले, चेहरा सुजला. ॲंजेला वसईत एका केकच्या दुकानात काउंटरवर लागली. तिथे कामाच्या वेळी मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा नियम होता. रुचिता घरीच होती. स्टीवनही घरी, एकटा. कडी आतून लावली तर कुणाला येता येणार नाही म्हणून ॲंजेला बाहेरून कुलूप घालून जायची. किल्ली रुचिताच्या खिळ्यावर, नेहमीसारखी. ती काढून घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

त्या दुपारी मी बाजारातून बोंबील घेऊन येत होतो. बघतो तर रुचिता स्टीवनच्या दारात उभी. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात मोबाइल.

"काका, आत काहीतरी पडलं. मी हाका मारतेय, स्टीवनदादा ओ देत नाहीत. ताई फोन उचलत नाहीत. स्टॅनीदादापण उचलत नाहीत." स्टॅनी त्या दिवशी अंधेरीच्या ऑफिसात होता, दुसऱ्या टीमला जोडणी शिकवत. "जाऊ का आत?"

किल्ली कुलपाच्या तोंडाशी धरलेली होती. कधीपासून, देव जाणे. मी पिशवी टाकली, किल्ली ओढून घेतली आणि दार उघडलं. स्टीवन कपाटाशी पडलेला होता. स्टूल आडवं, आणि हाताशी ट्रम्पेट. ते काढायला चढला असावा, का ते त्यालाच माहीत. अंग अजून गरम होतं.

डॉक्टर म्हणाले, आधी दार उघडलं असतं तरी फरक पडला नसता. डॉक्टर सगळ्यांना तेच सांगतात. मी रुचिताला ते चार वेळा सांगितलं आणि दरवेळी ती म्हणाली, "हो काका."

देवळाची घंटा झाली, बँडवाले आले, स्टीवनच्या जागी ट्रम्पेटला कुणीच उभं राहिलं नाही. ती जागा मोकळी ठेवून बाकीचे चालले. ॲंजेलाने कबरीपाशी रुचिताचा हात धरला होता, हे मी पाहिलं. तिच्या मनात राग नाही. कुणाच्याच मनात राग नाही, हेच तर वाईट आहे. कुणावर राग धरता आला असता तर आळी आठवडाभर भांडली असती आणि पुन्हा एक झाली असती.

स्टॅनी अजून त्याच नोकरीत आहे. सोडायची तर बहिणीला कोण बघणार? जोडणी उत्तम चालते. पासवर्ड हरवलेली माणसं अजून येतात, तो करून देतो, पण बोलत नाही.

स्टीवनच्या महिन्याच्या मिस्सेनंतर मी आणि तो देवळातून परत येत होतो. आळीच्या तोंडाशी त्याने खिशातून आपल्या घराची किल्ली काढली आणि सरळ रुचिताच्या ओट्यावर चढला. ती तांदूळ निवडत बसली होती.

"ही ठेव खिळ्यावर," तो म्हणाला. "मी एकटा असतो. काही वाजलं, काही पडलं, सरळ आत ये. विचारू नकोस. ऐकलंस ना? मला विचारू नकोस."

रुचिताने किल्लीकडे पाहिलं. सूप बाजूला ठेवलं. पण हात पुढे केला नाही. स्टॅनीचा हात तसाच पसरलेला राहिला.

आत बाळ उठून रडायला लागलं. ती उठली, दोन पावलं गेली आणि उंबऱ्याशी थांबून आमच्याकडे वळली.

"काका," तिने विचारलं, "जाऊ का आत?"

घर तिचंच होतं.